खोटा कबुलीजबाब

न केलेल्या गुन्ह्याची कबुली देणे, अथवा केलेल्या कृत्याची खरी हकीकत दडवून निराळीच हकीकत स्वतःच्या माथी घेणे, यास खोटा कबुलीजबाब म्हणतात. मारहाणीला कंटाळून, आमिषाला भुलून, जिवलगाला वाचवण्यासाठी, क्वचित स्वतःच्या अपराधभावनेतूनही माणूस असा जबाब देतो. कबुलीजबाब हा पुराव्यांचा राजा होय अशी समजूत अनेक न्यायपद्धतींत रूढ होती. स्वतःच्या नुकसानीचे खोटे कोणी कशाला बोलेल, हा तिच्यामागील तर्क. हा तर्क नेहमी टिकत नाही याची जाणीवही तितकीच जुनी असून धर्मशास्त्र, संस्कृत नाटक, वसाहतकालीन कायदा, मराठी रंगभूमी व दलित-भटक्यांची आत्मकथने या सर्वांत ती आढळते.

माण्डव्य आणि चारुदत्त

महाभारताच्या आदिपर्वात माण्डव्य ऋषींची कथा आहे. चोर आपला ऐवज त्यांच्या आश्रमात लपवतात. ऋषींचे मौनव्रत असल्यामुळे राजपुरुषांच्या प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत. मुद्देमाल आश्रमात सापडतो, मौन हीच कबुली धरली जाते आणि त्यांना सुळावर चढवले जाते. मराठीतील ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण या प्रसंगाला तंतोतंत लागू पडते. नारदस्मृतीने हीच कथा न्यायाधीशांसाठी दाखला म्हणून वापरली आहे. चोर नसलेला माण्डव्य न्यायालयीन प्रक्रियेनेच चोर ठरला, म्हणून केवळ प्रक्रियेवर विसंबू नये, तर्काने पारखावे, असा तिचा रोख आहे.

प्रतिवादीच्या उत्तराचे धर्मशास्त्राने चार प्रकार केले. त्यांपैकी आरोप मान्य करणाऱ्या उत्तरास ‘संप्रतिपत्ती’ म्हणतात. असे उत्तर आल्यावर पुराव्याचा टप्पा उरत नाही, म्हणून चतुष्पाद मानलेला व्यवहार येथे दोनच पायांवर उभा राहतो. या विषयाची सविस्तर मांडणी करणारी विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात रचली गेली. ते कल्याण म्हणजे लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. मनुस्मृतीत कबुलीचा दुसरा, धार्मिक अर्थही दिसतो. चोराने केस मोकळे सोडून, खांद्यावर मुसळ घेऊन राजापुढे धावत यावे व चोरी सांगावी. राजाने शिक्षा केली वा सोडून दिले तरी तो पापमुक्त होतो. येथे कबुली हा पुरावा कमी आणि प्रायश्चित्त अधिक आहे. पुढे गुंता झाला तो मुख्यतः या दोन अर्थांच्या सरमिसळीने.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचा नववा अंक म्हणजे एका खटल्याचे सविस्तर चित्रण आहे. वसंतसेनेचा गळा दाबणारा शकार स्वतःच फिर्यादी होतो आणि चारुदत्तावर खुनाचा आळ घेतो. पुरावा परिस्थितिजन्य असून दिसायला भक्कम आहे, कारण वसंतसेनेचे दागिने चारुदत्ताच्या मित्राच्या काखेतून भर न्यायसभेत खाली पडतात. वसंतसेना मेली असे समजून चुकलेल्या चारुदत्ताला जगण्यात रस उरत नाही. ‘मी क्रूराने त्या स्त्रीला’ इथपर्यंत बोलून तो वाक्य अर्धवट सोडतो आणि उरलेले शकारानेच सांगावे असे म्हणतो. गाळलेले क्रियापद फिर्यादी पुरवतो आणि कबुली पूर्ण होते. हे नाटक गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत रूपांतरामुळे मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले. आरोपीचे वाक्य दुसऱ्याने पुरे करणे हा प्रकार आजच्या कोठडीतील जबाबांबाबतही वादाचा विषय आहे.

पुरावा कायद्यातील अविश्वास

ब्रिटिश अमलात महसूल वसुलीसाठी व गुन्हे कबूल करवण्यासाठी होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ मध्ये मद्रास इलाख्यात प्रसिद्ध झाला. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढील कबुली पुराव्यातून वगळली. हीच तरतूद जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात कलम २५ म्हणून घेतली. छळ का होतो, याचे एका मुलकी अधिकाऱ्याने दिलेले स्पष्टीकरण स्टीफन यांनी आपल्या इंग्लंडच्या फौजदारी कायद्याच्या इतिहासात नोंदवून ठेवले आहे. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे अधिक सोयीचे, असा त्याचा आशय आहे. क्रौर्यापेक्षा आळसावर ठेवलेले हे बोट मार्मिक आहे.

कलम २४ नुसार धमकी वा आमिषाने मिळवलेला, कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला आणि कलम २६ नुसार पोलिसांच्या ताब्यात असताना दंडाधिकाऱ्याच्या गैरहजेरीत दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मात्र पाठोपाठच्या कलम २७ ने एक दार उघडे ठेवले. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. ‘मी खून केलेला सुरा विहिरीत टाकला’ या विधानातील खुनाची कबुली बाद होते, सुरा कोठे आहे हे सांगणे राहते. प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही मर्यादा स्पष्ट केली. व्यवहारात मात्र ‘आरोपीने काढून दिलेला’ मुद्देमाल आणि त्याचा पंचनामा हाच कित्येक खटल्यांचा कणा असतो. वस्तू खरोखर आरोपीच्या सांगण्यावरून सापडली की आधीच पोलिसांजवळ होती, हे ठरवताना सारा भार पंचांच्या साक्षीवर येतो.

दंडाधिकाऱ्यापुढे स्वेच्छेने दिलेला जबाब ग्राह्य असतो. तो नोंदवण्यापूर्वी, कबुली देण्याचे बंधन नाही आणि दिल्यास ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, असे आरोपीला सांगणे दंडाधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. विहित पद्धतीने नोंद झाली नसेल तर दंडाधिकाऱ्याची तोंडी साक्ष चालणार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १९३६ मध्ये नझीर अहमद खटल्यात ठरवले. पुढे आरोपीने जबाब मागे घेतला, तर तेवढ्याने तो निरर्थक ठरत नाही. पण स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा असल्याशिवाय त्यावर शिक्षा देणे धोक्याचे, अशी न्यायालयांची सावध भूमिका राहिली आहे. संविधानाच्या अनुच्छेद २० (३) नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी निकालात संमतीविना केलेली नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या तरतुदी कलम २२ ते २४ मध्ये आल्या आहेत. आशय बहुतांशी जुनाच आहे. कबुली मिळवण्यासाठी दुखापत करणे हा स्वतंत्र गुन्हा असून भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० नुसार त्यास सात वर्षांपर्यंत, तर जबर दुखापत केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास आहे.

मराठवाडा, गुन्हेगार जमाती आणि ‘उचल्या’

नांदेड व लातूरचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. भारतीय पुरावा अधिनियम तेथे १९५१ मध्ये लागू झाला. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडण्यास बंदी, चोरी झाली की पहिला संशय ठरलेला, अशी ती व्यवस्था होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, परंतु पोलीस ठाण्यातील वहिवाट कायद्याबरोबर संपली नाही.

तिचे आतून घडवलेले दर्शन लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनात मिळते. लातूर तालुक्यातील धनेगाव हे लेखकाचे गाव. या पुस्तकास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कबुलीजबाबाच्या अभ्यासकाला ते वेगळ्या कारणाने महत्त्वाचे वाटते. या जगात मार हा चौकशीचा अपवाद नसून तिचा नित्यक्रम आहे. पोलीस वस्तीवर येतात ते कोणी चोरी केली हे शोधायला नव्हे, तर कोणाच्या नावावर ती घालता येईल हे पाहायला. उलट बाजूने, धंद्यात नव्याने येणाऱ्या पोराला खिसा कापण्याबरोबर मार सोसूनही तोंड न उघडण्याचे शिक्षण घ्यावे लागते. सत्य आणि कबुली यांचा संबंध येथे पुरता सुटलेला दिसतो. खरा चोर मार सोसून गप्प राहतो आणि मार सोसण्याची सवय नसलेला निरपराध लवकर कबूल होतो. छळातून सत्य नव्हे तर केवळ सहनशक्ती मोजली जाते, हा यातून निघणारा निष्कर्ष कोणत्याही विधी आयोगाच्या अहवालाइतकाच ठोस आहे. महाश्वेतादेवी व गणेश देवी यांच्यासह गायकवाड यांनी १९९८ मध्ये विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला, त्यामागे कोठडीतील मृत्यूंचा प्रश्न होता.

अंकुश मारुती शिंदे खटला हा कबुलीचा नसून ओळख पटवण्याचा आहे, तरी त्याची पार्श्वभूमी हीच आहे. २००३ मधील नाशिकच्या एका दरोडा, बलात्कार व हत्याकांडात भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी ठोठावली. जखमी साक्षीदाराने आरंभी पोलिसांच्या छायाचित्र संग्रहातून दुसऱ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या, ही बाब पुनर्विलोकनात पुढे आली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोवर १५ वर्षांहून अधिक काळ उलटला होता.

विशेष कायदे : मालेगाव आणि मुंबई, २००६

पोलिसांपुढील कबुलीवरचा अविश्वास विशेष कायद्यांनी बाजूला सारला. १९८७ च्या टाडा कायद्याने पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब ग्राह्य धरला. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात ही तरतूद तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने वैध ठरवली. टाडा १९९५ मध्ये संपुष्टात आला, पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने (मकोका) कलम १८ मध्ये तशीच तरतूद केली. असा जबाब सहआरोपींविरुद्धही वापरता येतो.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. दोनच महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी बडा कब्रस्तान परिसरातील स्फोटांत ३० हून अधिक लोक मरण पावले. दोन्ही तपास दहशतवादविरोधी पथकाकडे होते, दोन्हींत मकोका लागला आणि दोन्हींत कबुलीजबाब नोंदवून ते पुढे मागे घेतले गेले.

मालेगाव प्रकरणात नऊ मुस्लिम पुरुषांना अटक झाली. डिसेंबर २०१० मध्ये अन्य स्फोटांच्या प्रकरणांत अटकेत असलेल्या स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत दंडाधिकाऱ्यापुढे जबाब दिला आणि मालेगावच्या स्फोटांची जबाबदारी आपल्या परिचयातील हिंदुत्ववादी गटावर टाकली. हैदराबादच्या तुरुंगात, चुकीने अटक झालेल्या एका मुस्लिम तरुणाने आपली सेवा केली आणि त्यामुळे मनात अपराधभाव दाटला, असे कारण त्यांनी दिले होते. पुढे हा जबाबही, दबावाखाली दिल्याचे सांगत, मागे घेण्यात आला. ज्या खटल्यांत ते आरोपी होते त्या अजमेर, मक्का मशीद व समझौता एक्सप्रेस प्रकरणांतून २०१७ ते २०१९ या काळात त्यांची निर्दोष मुक्तता झाली. एकाच स्फोटाविषयी एकमेकांना छेद देणाऱ्या दोन कबुल्या न्यायव्यवस्थेपुढे आल्या, दोन्ही मागे घेतल्या गेल्या, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणे तर अशक्यच होते. तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेल्यानंतर नऊपैकी सात जण नोव्हेंबर २०११ मध्ये जामिनावर सुटले. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठही जणांना आरोपमुक्त केले.

मुंबईच्या खटल्यात २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. तेरावे आरोपी अब्दुल वाहिद शेख निर्दोष सुटले. त्यांनी ‘बेगुनाह कैदी’ या पुस्तकात कोठडीतील अनुभव आणि कबुल्या कशा घेतल्या गेल्या याची हकीकत लिहिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या सर्व १२ जणांना निर्दोष ठरवले, त्यांपैकी एकाचा आधीच तुरुंगात मृत्यू झाला होता. निकालपत्राचा मोठा भाग कबुलीजबाबांच्या छाननीचा आहे. वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या आरोपींचे नोंदवलेले जबाब काही ठिकाणी एकसारखे असल्याचे न्यायालयाला आढळले. वैद्यकीय नोंदी छळाच्या तक्रारींना पुष्टी देणाऱ्या होत्या. राज्य सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी या निकालास पूर्वदाखला म्हणून वापरण्यापुरती स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. गाड्यांत मेलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी १९ वर्षांनंतर उरलेला प्रश्न वेगळाच होता. कबुलीवर उभारलेला खटला कोसळतो तेव्हा खऱ्या गुन्हेगारापर्यंत जाणारी वाट बहुधा केव्हाच पुसली गेलेली असते.

मानसशास्त्रीय उलगडा

सॉल कॅसिन आणि लॉरेन्स राइट्समन यांनी १९८५ मध्ये केलेले वर्गीकरण आजही वापरात आहे. काही जण कोणी न विचारताच कबुली देतात. १९३२ मध्ये अमेरिकेत लिंडबर्ग यांच्या बालकाचे अपहरण झाले तेव्हा सुमारे २०० जणांनी तो गुन्हा आपण केल्याचे सांगितले. दुसऱ्या प्रकारात आपण निर्दोष आहोत हे माणसाला ठाऊक असते, पण तत्काळ सुटका हवी असल्याने तो नमते घेतो. तिसरा प्रकार सर्वांत विलक्षण आहे, कारण त्यात सततच्या चौकशीने माणसाला आपण खरेच गुन्हा केला असे वाटू लागते.

कॅसिन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना संगणकावर टंकलेखन करायला लावून एक विशिष्ट कळ दाबू नका अशी ताकीद दिली. थोड्या वेळाने संगणक बंद पडला आणि ती कळ तुम्हीच दाबली असा आळ घेतला गेला. कोणीही ती दाबलेली नव्हती. तरी एकूण ६९ टक्के जणांनी कबुलीवर सही केली, आणि कामाचा वेग जास्त व जोडीला ‘मी पाहिले’ म्हणणारा खोटा साक्षीदार असेल तेव्हा सर्वांनीच केली. चौकशीतील फसवणूक किती परिणामकारक ठरते ते यावरून दिसते. अमेरिकेत पुराव्याविषयी आरोपीशी खोटे बोलण्याची पोलिसांना बरीच मुभा आहे, आणि तेथे डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्यांपैकी चतुर्थांशाहून अधिक जणांनी खोटी कबुली दिली होती.

कबुलीने केवळ देणाराच अडकतो असे नाही. इंग्लंडमधील कॅम्पडन गावी १६६० मध्ये विल्यम हॅरिसन नावाचा कारभारी बेपत्ता झाला. त्याच्या नोकराने आपल्या आई व भावाने त्याचा खून केल्याचे सांगितले. प्रेत सापडले नसतानाही तिघे फासावर गेले. १६६२ मध्ये हॅरिसन जिवंत परत आला.

साहित्यातील अपराधभाव

दोस्तोयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीत खरा खुनी रास्कोल्निकोव्ह असला तरी पहिली कबुली देतो मिकोल्का हा रंगारी. तो एका धर्मपंथाच्या संस्कारात वाढलेला असून दुःख भोगणे हेच त्याला पुण्य वाटते. तपास अधिकारी पोर्फिरीला ही कबुली खोटी असल्याचे कळते. मनुस्मृतीतील मुसळधारी चोर आणि मिकोल्का यांची जातकुळी एकच आहे, फरक इतकाच की मिकोल्काने चोरी वा खून काहीच केलेले नाही. अकुतागावाच्या कथेवरील कुरोसावाच्या ‘राशोमोन’ (१९५०) चित्रपटात एका मृत्यूविषयी दरोडेखोर, पत्नी आणि मृताचा आत्मा असे तिघेही तो आपल्याच हातून घडला असे सांगतात. प्रत्येकाला शिक्षेपेक्षा आपली प्रतिमा प्रिय आहे.

मराठी नाटकातील सर्वांत परिचित उदाहरण राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’मधील आहे. दारूच्या नशेत सुधाकराच्या हातून घडलेल्या अनर्थानंतर मरणाच्या दारी असलेली सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते. मरताना माणूस खोटे बोलत नाही, या गृहीतकावर मृत्युपूर्व जबानीचा कायदा उभा आहे. गडकऱ्यांची नायिका ते गृहीतक पतिनिष्ठेपायी मोडते आणि प्रेक्षक तिला दोष देत नाही.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) नाटकात चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाला तापलेल्या लोखंडी गोळ्याचे दिव्य करावे लागते आणि होरपळून तो न केलेली चोरी कबूल करतो. त्यांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाचे साम्य फ्रीड्रिख ड्युरेनमाट यांच्या ‘दी पाने’ (१९५६) या कृतीशी दाखवले जाते. दोन्हींत खेळ म्हणून न्यायालय भरते. ड्युरेनमाटचा फिरता विक्रेता ट्राप्स निवृत्त न्यायाधीश-वकिलांच्या खेळात इतका रंगतो की, एका मृत्यूचे उत्तरदायित्व अभिमानाने स्वीकारतो आणि कथेच्या शेवटी गळफास घेतो. लीला बेणारे तसे करत नाही. तिची कबुली इतरांनी तिच्या खासगी आयुष्यातून उपसून काढलेली आहे, आणि तिचे दीर्घ स्वगत रंगमंचावरील त्या न्यायालयाला ऐकूच जात नाही. ट्राप्सला अपराधी असण्यात प्रतिष्ठा वाटते. बेणारेला अपराधी ठरवण्यात इतरांना प्रतिष्ठा वाटते.

कोईमतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांनी आंध्र प्रदेशातील कोठडीत भोगलेल्या छळावर ‘लॉक अप’ ही तमिळ कादंबरी लिहिली. न केलेल्या चोरीची कबुली देण्यासाठी परप्रांतीय मजुरांना होणारी मारहाण हा तिचा विषय. तिच्यावरून ‘विसारणै’ (२०१५) हा चित्रपट निघाला.

उपाय आणि भरपाई

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडी व प्रवेशद्वारांसह, ध्वनिमुद्रणाची सोय असलेले सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली असली तरी त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. ते द्यावे, अशी शिफारस विधी आयोगाने २०१७ मधील २७३ व्या अहवालात केली. खोट्या खटल्यात तुरुंगवास भोगलेल्यांना भरपाई मिळण्यासाठी वैधानिक चौकट असावी, असे २०१८ च्या २७७ व्या अहवालात सुचवले गेले. तसा स्वतंत्र कायदा नसल्याने भरपाईचा निर्णय त्या त्या न्यायालयाच्या विवेकावर राहतो. शिंदे खटल्यातील सहा जणांना ती मिळाली. मालेगाव प्रकरणातील विशेष न्यायालयाच्या आदेशाने आरोपमुक्तीच मिळाली.